हातात दोन राण्या, समोर कोण?

दिवाळीत आमच्याकडे, इंदूरच्या राजेंद्रनगरात, तीन पत्तीचा फड जमतो. यंदा भाच्याने मोबाइलवरच्या पोकरचा विषय काढला आणि सगळ्यांनी एकमुखाने निकाल दिला: समोरच्याचा चेहरा दिसत नाही, मग उरलं काय? नुसतं नशीब. हे ऐकून गप्प बसवेना. पैशांचं मात्र आधीच सांगतो. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केला आणि त्यात कौशल्याचा खेळ, नशिबाचा खेळ असा भेदही ठेवला नाही. खाली आहे ते गणित. फुकटच्या चिप्सवर करून बघा.

पडद्यावर चेहरा नसला तरी सवयी दिसतात. कोण किती डावांत आपणहून चिप्स टाकतो, आणि टाकतो तेव्हा रेज करतो (आधीच्यापेक्षा जास्त लावतो) की नुसतं कॉल (तेवढ्यालाच तेवढे)? क्वचित डावात उतरणारा तो टाइट, आलेल्या कुठल्याही पत्त्यावर उतरणारा लूज. दोघांतही रेज करून दाबणारे असतात आणि कॉल करत मागून येणारे असतात.

आता माझा आवडता भाग. होल्डेम या पोकरच्या प्रकारात प्रत्येकाला दोन पत्ते झाकून मिळतात. समजा तुम्हाला इस्पिकची आणि बदामाची राणी आली. तुम्ही रेज केलं, समोरच्याने त्यावर आणखी मोठं रेज केलं. उरलेल्या ५० पत्त्यांतून त्याला मिळू शकणारे हात, म्हणजे दोन-दोन पत्त्यांचे संच, ५० × ४९ ÷ २, म्हणजे १२२५.

समोरचा टाइट आहे. दहापासून वरच्या जोड्या, एक्का-राजा आणि एक्का-राणी, एवढ्यांवरच तो असं रेज करतो असं धरू. दहा, गुलाम, राजे, एक्के यांच्या जोड्या चार रंगांतून प्रत्येकी ६ प्रकारे होतात, एकूण २४. राण्यांची जोडी एकाच प्रकारे, कारण दोन राण्या तुमच्याकडे अडकल्यात. एक्का-राजा ४ × ४ म्हणजे १६. एक्का-राणी एरवी १६, आता फक्त ८. बेरीज ४९. त्यांत तुमच्या पुढे असलेले हात, राजांची किंवा एक्क्यांची जोडी, १२. म्हणजे साधारण चारात एकदा तुम्ही मागे आहात. हेच रेज निम्म्या हातांवर करणारा लूज गडी समोर असेल तर १२ भागिले ६१२, म्हणजे ५१ मध्ये एकदा. पत्ते तेच, रेज तेच. बदलला तो भाजक.

हा बेझचा नियम. थॉमस बेझ या इंग्रज पाद्र्याचा निबंध त्याच्या मृत्यूनंतर १७६३ मध्ये छापला गेला. पुढे टेबलावर सगळ्यांसाठीचे पत्ते उघडले आणि त्याने बेट लावली, की त्या ४९ पैकी प्रत्येक हाताला ‘या हातावर तो अशी बेट कितीदा लावेल’ या शक्यतेने गुणायचं, मग सगळ्यांच्या बेरजेने भागायचं. प्रत्येक चालीनंतर पुन्हा तेच.

गोम अशी की, तो निम्मे हात खेळतो हे तुम्हाला कळलं कशावरून? २५ डाव पाहिले आणि त्यांतल्या निम्म्यांत तो उतरला, तर खरा आकडा ३० ते ७० टक्के यांत कुठेही असू शकतो. ४०० डावांनंतर तो ४५ ते ५५ वर येतो. चूक चौपटीने कमी करायला नोंदी सोळापट लागतात. शेवटच्या पत्त्यावरचा ब्लफ, म्हणजे कमजोर हातावर लावलेली बेट, तर मुळातच क्वचित दिसतो, त्यामुळे एकदा थाप पकडली म्हणून कोणावर ‘थापाड्या’ असा शिक्का मारणं घाईचं.

शिक्का बरोबर बसला तर मात्र फरक मोठा पडतो. पॉट, म्हणजे मधे जमलेल्या चिप्स, १००, तुमचा ब्लफ १०० चा. समोरचा दहापैकी सात वेळा फोल्ड करणारा, म्हणजे पत्ते टाकून देणारा असेल तर सरासरी ४० चा फायदा. काहीही झालं तरी कॉल करणारा, दहात दोनदाच फोल्ड करणारा असेल तर ६० चा तोटा. अशा माणसापुढे ब्लफ करूच नये. चांगला पत्ता आला की मोठी बेट लावावी, तो देतो.

आमच्या फडात पत्ते लागेनात की लोक जागा बदलतात. पिसलेल्या गड्डीला कोण कुठे बसलंय हे ठाऊक नसतं. हमखास जिंकण्याचा एआय फॉर्म्युला विकणारेही त्याच पंगतीतले.

खरं यंत्र वेगळंच वागलं. जानेवारी २०१७ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या लिब्रॅटस या पोकर खेळणाऱ्या प्रोग्रामने चार व्यावसायिक खेळाडूंना १,२०,००० डावांत हरवलं, तेही त्यांच्या शैलीचा फायदा उठवायच्या मागे न लागता. तसा फायदा घ्यायचा तर संतुलित खेळ, म्हणजे ज्याचा कोणालाच फायदा उठवता येत नाही असा खेळ, सोडावा लागतो, आणि सोडला की तुमचीही सवय पडते, ती दुसरा टिपतो. लिब्रॅटस संतुलनाच्या जवळ राहिला. दिवसा त्या चौघांनी त्याच्या खेळातल्या ज्या फटी चाचपल्या, त्यांतल्या मोठ्या तो रात्री महासंगणकावर बुजवायचा. सवयी ओळखायचं काम माणसंच करत होती, आणि कालची ओळख सकाळी कामाची राहत नव्हती.