गरम क्राऊन, गार ओढा

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मित्राच्या फोर-बाय-फोर गाडीखाली आम्ही दोघं आडवे झालो होतो. मागच्या डिफरन्शियलचा, म्हणजे दोन चाकांच्या मधल्या गिअरपेटीचा, ड्रेन नट सुटला आणि तसराळ्यात जे पडू लागलं ते ऑइल वाटेचना. दूध जास्त झालेल्या चहाच्या रंगाचं, दाट, फेसाळ. पावसाळाभर त्याने राजमाचीच्या वाटेवर फेऱ्या मारल्या होत्या, ओढे ओलांडले होते. तरी त्याचा प्रश्न रास्त होता : "सील कुठेच गळत नाही, हौजिंग बाहेरून कोरडंठाक आहे. ऑइल बाहेर येत नाही, मग पाणी आत गेलं कसं?"

उत्तर शाळेत शिकलेल्या वायूच्या नियमात आहे. डिफरन्शियलचं हौजिंग म्हणजे बंद लोखंडी पेटी. खाली ऑइल, वर हवा. तासभर लो गिअरमध्ये चढ चढलात की आतलं सगळं तापतं. समजा ९० अंश सेल्सियस. हवा फुगते, आणि जास्तीची हवा हौजिंगच्या डोक्यावर बसवलेल्या बोटाच्या पेराएवढ्या ब्रीदरमधून, म्हणजे हवेसाठी ठेवलेल्या वाटेतून, निघून जाते. इथवर सगळं ठीक. आता समोर ओढा येतो आणि ही तापलेली पेटी २५ अंशांच्या पाण्यात बुडते.

वायूचं गणित केल्विनमध्ये करायचं असतं. ९० अंश म्हणजे ३६३ केल्विन, २५ अंश म्हणजे २९८. पेटी काही आक्रसत नाही, त्यामुळे आतला दाब त्याच प्रमाणात उतरतो, जवळजवळ १८ टक्के. वातावरणाचा दाब साधारण दहा मीटर उंच पाण्याच्या स्तंभाएवढा असतो. त्याचे १८ टक्के म्हणजे पावणेदोन मीटरहून थोडं जास्तच. गाडी ओढ्यात अडकली आणि हौजिंग पुरतं गार झालं, तर आतून एवढी ओढ लागते. गाडी गुडघाभर पाण्यात असते, पण शाफ्टभोवतीच्या रबरी सीलला मात्र पुरुषभर पाण्याखाली असल्यासारखं सोसावं लागतं.

ही ओढ ब्रीदरने मोडायला हवी. पण अनेक ब्रीदर हवा बाहेर सोडतात, आत घेत नाहीत. जे घेतात ते स्वतःच बुडालेले असले की हवेऐवजी पाणी घेतात. आणि चिखलाने बुजलेला ब्रीदर तर असून नसल्यासारखा. मग उरते ऑइल सील. तिची रबरी कड आतलं ऑइल अडवण्यासाठी शाफ्टवर दाबून बसवलेली असते, बाहेरून दाब आला की ती उचलली जाऊ शकते. म्हणून ऑइलचा थेंबही न गळू देणारी सील पाणी मात्र आत घेते.

आत गेलेलं पाणी काय करतं? क्राऊन हे आतलं मोठं दातेरी चाक, पिनियन हे त्याला फिरवणारं लहान. क्राऊन-पिनियनचे दात जिथे टेकतात तिथला दाब वातावरणाच्या दहा हजार पटींच्या घरात जातो. एवढ्या दाबाखाली ऑइल क्षणभर घनासारखं घट्ट होतं आणि दातांना एकमेकांपासून वेगळं ठेवतं. पाणी असं घट्ट होत नाही. त्यात बहुतेक गाड्यांत पिनियन क्राऊनच्या मध्यापेक्षा खाली बसवलेला असतो, त्याला हायपॉइड म्हणतात. तिथे दात नुसते लोळत नाहीत, लांबीच्या दिशेने घासत सरकतात आणि ऑइलचा थर पुसून टाकतात. म्हणून या ऑइलमध्ये गंधक आणि फॉस्फरसची संयुगं घालतात. घर्षणाच्या जागी ठिणगीएवढ्या भागात तापमान उसळलं की ती लोखंडाशी संयोग पावतात आणि केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाइतका एक पापुद्रा तयार होतो. तो झिजतो, दात वाचतो, पुन्हा नवा पापुद्रा. गिअर ऑइलचा तो उग्र वास या गंधकाचाच.

ऑइल निवडताना पाहायचं ते यासाठीच. हायपॉइडला जीएल-५ दर्जाचं लागतं. तेच ऑइल 'जास्त भारी' म्हणून जीएल-४ सांगितलेल्या गिअरबॉक्समध्ये मात्र ओतू नका, तिथल्या, गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या पितळी सिंक्रो रिंगांना ते मानवेलच असं नाही. आणि '९० नंबर' म्हणजे इंजिनाच्या ४० नंबरपेक्षा दुप्पट जाड, हा समज चुकीचा आहे. दोन्हींच्या मोजपट्ट्याच वेगळ्या आहेत. गिअर ऑइलचं ९० हे १०० अंशांवर इंजिनाच्या ४० किंवा ५० नंबरच्या आसपासच भरतं. बाकी ८०डब्ल्यू-९० की ७५डब्ल्यू-९०, लिमिटेड स्लिप (एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला जोर देणारा डिफरन्शियल) असेल तर वेगळा मिश्रक हवा का, हे गाडीच्या पुस्तिकेत असतं. तेच पाळा.

'लाइफटाइम' किंवा 'सिंथेटिक आहे, बदलायची गरज नाही' असं ऐकवलं जातं, तेव्हा वर सांगितलेला ओढा आठवा. कितीही महाग ऑइल पाण्याला थोपवत नाही. तसंच बंपरला बांधलेलं लिंबू-मिरचीही थोपवत नाही. दसऱ्याला गाडी धुऊन हार घालतो, त्याच दिवशी खाली वाकून दोन नट उघडले तर पावसाळ्याचा हिशेब हातात येतो.

ऑइल बदलताना आधी ऑइल भरायच्या भोकाचा वरचा फिलर नट सोडवायचा, मगच खालचा. जुनं ऑइल काढून टाकलं आणि फिलर नट गंजून अडकलेला निघाला, तर गाडी तिथेच बसते. ड्रेन नटाला चुंबक असेल तर त्यावरचा लोखंडी राखाडी लेप बोटांत चोळून पाहा. मऊ असेल तर नेहमीची झीज. टोचणारे तुकडे लागले तर हौजिंग उघडावं लागेल. गाडी सपाटीवर ठेवून फिलरच्या भोकाच्या कडेपर्यंत नवं ऑइल भरायचं.

मित्राचा ब्रीदर काढला तर टोपीखाली लाल माती सिमेंटसारखी बसली होती. तो डिझेलमध्ये बुडवून मोकळा केला आणि त्याला रबरी नळी जोडून बॉनेटखाली उंचावर नेली. दुधाळ ऑइल एका बदलात सगळं निघत नाही, कोपऱ्यांत राहतं. म्हणून पंधरवड्याने पुन्हा नट उघडला. या वेळी धार मधाच्या रंगाची होती, पण शेवटचा घोटभर भाग अजून गढूळ होता, तेव्हा तेही ऑइल टाकून तिसऱ्यांदा भरलं.