डेटा एपीआयचे प्रकाशन व व्यवस्थापन

एखाद्या संस्थेजवळची माहिती दुसऱ्या संगणकप्रणालीला ठरलेल्या पत्त्यावर, ठरलेल्या स्वरूपात आणि ठरलेल्या अटींवर मागता यावी म्हणून जी सोय केली जाते तिला डेटा एपीआय म्हणतात. ही सोय क्लाउड प्लॅटफॉर्मवर (इंटरनेटवरून भाड्याने मिळणाऱ्या संगणकव्यवस्थेवर) उभी करणे, तिची माहितीपत्रिका प्रसिद्ध करणे, वापरकर्त्यांना परवानगी देणे, वापर मोजणे, बदल हाताळणे आणि वेळ आली की ती बंद करणे, ही सर्व कामे प्रकाशन व व्यवस्थापन या संज्ञेत मोडतात. संकेतस्थळ माणसाने वाचायचे असते, एपीआय यंत्राने. ‘जायकवाडी ७६’ एवढेच लिहिलेले पाहून पैठणचा माणूस तो आकडा टक्क्यांचा की टीएमसीचा (अब्ज घनफुटांचा) हे मागच्यापुढच्या संदर्भावरून ताडतो. यंत्राला तसे ताडता येत नाही, आणि या क्षेत्रातील बरीचशी गुंतागुंत येथूनच सुरू होते.

आजचे बहुतेक डेटा एपीआय रॉय फील्डिंग यांनी २००० साली आपल्या पीएच.डी. प्रबंधात मांडलेल्या ‘रेस्ट’ या रचनाशैलीला कमीअधिक धरून असतात. या शैलीत प्रत्येक वस्तूला, मग ते धरण असो, महसूल मंडळ असो वा बाजार समिती, स्वतःचा पत्ता असतो आणि उत्तर बहुधा जेसॉन या, नाव व मूल्य अशा जोड्यांनी लिहिलेल्या मजकुराच्या स्वरूपात मिळते. एपीआयचे वर्णन यंत्रालाही वाचता येईल अशा रीतीने लिहिण्यासाठी ‘ओपनएपीआय’ हा संकेत रूढ आहे. मोठ्या उद्योगांच्या प्रणालींत माहिती मागण्या-देण्याचा ‘ओडेटा’ हा संकेतही आढळतो. त्याच्या चौथ्या आवृत्तीला २०१४ मध्ये ओएसिस या मानके ठरवणाऱ्या संस्थेने मानक म्हणून मान्यता दिली.

मूळ डेटाबेस सहसा थेट बाहेर उघडला जात नाही. त्याच्यापुढे गेटवे नावाचा थर असतो आणि येणारी प्रत्येक विनंती आधी तेथे थांबते. विनंती कोणाकडून आली हे ‘की’ (वापरकर्त्याला दिलेला गुप्त संकेत) किंवा टोकन (ठराविक मुदतीचा डिजिटल परवाना) यावरून तपासले जाते. टोकन देण्याची ओऑथ २.० ही पद्धत २०१२ पासून प्रमाण मानली जाते. ओळख पटली नाही तर ४०१, ओळख पटूनही अधिकार नसेल तर ४०३ आणि ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त वेळा विचारणा झाली तर ४२९ हा सांकेतिक क्रमांक परत जातो. ही मर्यादा म्हणजे निव्वळ अडवणूक नव्हे. जायकवाडी धरणाचा नाथसागर जलाशय भरत आला आणि पैठणच्या २७ दरवाजांपैकी काही उघडणार अशी बातमी पसरली, की एरवी दिवसाला मोजक्या विनंत्या येणाऱ्या पाणीसाठ्याच्या एपीआयवर त्या रात्री एकच गर्दी उसळू शकते. साठ्याची नोंद तासातासाने होत असेल तर प्रत्येकासाठी डेटाबेस पुन्हा चाळण्यात अर्थ नसतो. गेटवेने कॅशेमधले (तात्पुरत्या साठवणीतले) ताजे उत्तर काही मिनिटे तसेच देत राहणे पुरते. गेटवेची तयार साधने अनेक कंपन्या विकतात. ॲमेझॉनने आपली सेवा २०१५ मध्ये आणली, तर गूगलने २०१६ मध्ये ॲपिजी आणि सेल्सफोर्सने २०१८ मध्ये म्यूलसॉफ्ट ही अशीच साधने बनवणारी कंपनी विकत घेतली. नावे वेगळी असली तरी कामे बरीचशी तीच.

साधन विकत घेता येते, माहितीचा अर्थ मात्र प्रकाशकालाच ठरवावा लागतो, आणि प्रत्यक्षात नेमकी तीच बाजू सर्वाधिक दुर्लक्षित राहते. जायकवाडीचा उपयुक्त साठा २,१७१ दलघमी (दशलक्ष घनमीटर), म्हणजे सुमारे ७६.६५ टीएमसी; एक टीएमसी म्हणजे सुमारे २८.३२ दलघमी. एकक न सांगता नुसता आकडा दिला, की घेणारा आपल्या सवयीचे एकक गृहीत धरतो. पावसाच्या नोंदींत घोळ तारखेचा असतो. हवामान विभागाच्या प्रथेप्रमाणे सकाळी साडेआठला संपणाऱ्या २४ तासांचा पाऊस त्या दिवसाच्या नावे लिहितात, त्यामुळे काल दुपारी कोसळलेला पाऊस आजच्या तारखेखाली दिसतो. एखाद्या मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा अधिक पाऊस झाला की ती अतिवृष्टी मानली जाते आणि पंचनामे व मदत यांचा प्रश्न उभा राहतो. तेव्हा तारखेची चूक कागदापुरती उरत नाही. याहून घातक चूक म्हणजे पर्जन्यमापक बंद असताना शून्य पाठवणे. ‘पाऊस पडला नाही’ आणि ‘नोंदच झाली नाही’ ही दोन विधाने वेगळी आहेत, म्हणून दुसऱ्या स्थितीसाठी रिक्त मूल्यच ठेवावे लागते.

वस्तूची ओळख तिच्या नावावर बेतू नये, हा धडा मराठवाड्याइतका ठळकपणे क्वचितच कोठे मिळाला असेल. २०२३ मध्ये औरंगाबाद जिल्ह्याचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव असे नामांतर झाले. ज्या प्रणालींनी जिल्ह्याचे नाव हीच त्याची ओळख मानली होती, त्यांच्या लेखी एक जिल्हा एका दिवसात नाहीसा होऊन दुसरा जन्माला येतो आणि जुन्या पावसाची नव्याशी तुलना तुटते. केंद्राच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीसारख्या, जिल्हे-गावांना कायमचे क्रमांक देणाऱ्या सूचीतील क्रमांक वापरला तर नाव बदलले तरी ओळख टिकते. देवनागरीची स्वतःची एक अडचण आहेच. ‘शेतकऱ्यांना’ या शब्दातले ऱ्य युनिकोड या अक्षरांच्या संगणकीय संकेतप्रणालीत एकाहून अधिक प्रकारे टंकता येते. पडद्यावर ते सारखेच दिसते, पण यंत्राच्या दृष्टीने ते वेगळे शब्द ठरतात आणि शोध रिकामा परततो.

प्रत्येक एपीआय सर्वांसाठी खुला नसतो. काही संस्थेपुरते, काही ठराविक भागीदारांपुरते, तर काही सार्वजनिक असतात. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीतील सुट्या भागांचा पुरवठादार मोठ्या कारखान्याकडून पुढील आठवड्याच्या मागणीचे वेळापत्रक घेतो तो भागीदारांचा एपीआय. त्याला फक्त स्वतःच्या भागांची मागणी दिसावी, शेजारच्या पुरवठादाराची नव्हे, हे पाहणे प्रकाशकाचे काम. सार्वजनिक बाजूला केंद्र सरकारने २०१२ मध्ये माहिती खुली करण्याचे आणि २०१५ मध्ये खुल्या एपीआयचे धोरण जाहीर केले. एपीआय सेतू हे व्यासपीठ त्याच वाटेवरचे. मंडळाचा पाऊस किंवा लातूर बाजारातील सोयाबीनचा सर्वसाधारण दर खुला ठेवता येतो, शेतकऱ्याचा बँक खाते क्रमांक नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने ही जबाबदारी अधिक काटेकोर केली आहे.

एकदा प्रसिद्ध झालेला एपीआय बदलणे अवघड असते, कारण तो कोणाकोणाच्या प्रोग्रामात गुंतला आहे हे गेटवेच्या लॉगशिवाय (आलेल्या विनंत्यांच्या नोंदवहीशिवाय) कळत नाही. दराच्या उत्तरात आवकीची नवी नोंद वाढवली तर सहसा कोणाचे बिघडत नाही. पण क्विंटलचा दर किलोने देऊ लागणे किंवा अंकाच्या जागी ‘रु.’ जोडलेला मजकूर पाठवणे हा मोडतोडीचा बदल होय, आणि त्यासाठी पत्त्यातच नवा आवृत्ती क्रमांक घालून जुनी आवृत्ती काही महिने सोबत चालू ठेवतात. ती कधी बंद होणार हे उत्तरासोबतच कळवण्यासाठी ‘सनसेट’ हे शीर्षक (उत्तराच्या मजकुराआधी यंत्रासाठी पाठवली जाणारी ओळ) २०१९ मध्ये ठरवण्यात आले. मुदत संपल्यावर त्या पत्त्यावर ४०४ ऐवजी ४१० हा क्रमांक द्यावा, म्हणजे पत्ता चुकलेला नसून सेवा कायमची बंद झाली आहे हे विचारणाऱ्या यंत्राला समजते.