दोन जीन्स घातल्या म्हणून चेनसॉ अडत नाही

पावसाळ्यात खानापूर-जांबोटी रस्त्यावर झाड आडवं झालं की चेनसॉ, म्हणजे साखळीची यांत्रिक करवत, निघतो, आणि सोबत सल्लाही: ‘दोन जीन्स चढव, पायाला काही होत नाही.’ साफ चूक. सेकंदाला २० मीटर धावणारी साखळी डेनिम क्षणात फाडते.

चेनसॉसाठीची खास संरक्षक पँटही नुसत्या जाडीवर भागवत नाही. आतले लांब, सैल धागे साखळीबरोबर ओढले जातात, साखळी फिरवणाऱ्या दातेरी चक्राला गुंडाळतात आणि साखळी जागीच थांबते. म्हणूनच कट लागलेली पँट ठिगळ लावून वापरायची नाही; शिलाईने धागे आवळले जातात. (आपल्याकडे टेलरकडे नेण्याचा मोह होतोच!) लेबलवर वर्ग बघा: १ म्हणजे सेकंदाला २० मीटर वेगाच्या साखळीसाठी, २ म्हणजे २४. विजेच्या करवतीचा जोर धागे अडकले तरी टिकू शकतो, तिथे या पँटवर तेवढा भरवसा नको.