४० वर्षं गिरणीसाठी थांबलेलं जस्त

ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरीत मॅकआर्थर रिव्हरला १९५५ साली जस्त-शिशाचा प्रचंड साठा सापडला, आणि खाण सुरू झाली थेट १९९५ ला! दगडात जस्त भरपूर होतं, पण ते सुटं करता येत नव्हतं.

खाणीतला दगड तसाच भट्टीत जात नाही. आधी तो दळतात, मग पाण्यात केमिकल टाकून हवा सोडतात, जस्ताच्या खनिजाचे कण बुडबुड्यांना चिकटून फेसाबरोबर वर येतात आणि बाकीचा गाळ खाली राहतो. तो फेस गाळून वाळवला की झालं कॉन्सन्ट्रेट, त्यात साधारण ५० टक्के जस्त. पण त्यासाठी कण सुटा तर व्हायला हवा ना. इथे जस्त, शिसं, पायराइट (लोखंड-गंधकाचं खनिज) सगळं एकमेकांत इतकं बारीक गुंतलेलं की ७ मायक्रॉनपर्यंत दळावं लागतं, म्हणजे केसाच्या जाडीच्या साधारण दहाव्या भागाइतकं. पोलादी गोळ्यांच्या नेहमीच्या मिलमध्ये एवढं बारीक दळायचं तर विजेचा खर्चच परवडत नाही.

मार्ग सापडला तो रंग आणि शाईच्या धंद्यात. तिथे रंगाची पूड घोटायला आडव्या टाकीत चकत्या फिरवतात, माउंट आयसा या ऑस्ट्रेलियन खाण कंपनीच्या इंजिनिअरांनी नेट्झ्श या जर्मन कंपनीला बरोबर घेऊन तेच यंत्र खाणीला झेपेल एवढं मोठं केलं, नाव आयसामिल. मला यातलं हेच सगळ्यात भारी वाटतं, की खाणवाले शाईवाल्यांकडे बघायला गेले.

एवढं दळूनही शिसं पूर्ण वेगळं होईना, म्हणून दोन्हींचं मिळून एकच कॉन्सन्ट्रेट विकायचं ठरलं. आता हे घेणार कोण? बहुतेक स्मेल्टर, म्हणजे खनिजातून धातू काढणारे कारखाने, कॉन्सन्ट्रेट भाजतात, आम्लात विरघळवतात आणि वीज सोडून जस्त काढतात, त्यात शिसं विरघळतच नाही, गाळात जाऊन बसतं. दोन्ही धातू एकाच वेळी काढणारी भट्टी म्हणजे इम्पीरियल स्मेल्टिंग फर्नेस. जस्त ९०७ अंशांना उकळतं, त्यामुळे भट्टीतून ते वाफ होऊनच बाहेर पडतं, आणि ती वाफ हळू थंड झाली तर परत ऑक्साइड होते, म्हणून तिच्यावर वितळलेल्या शिशाचा फवारा मारून तिला झटक्यात थंड करतात. शिसं मात्र खाली तळाशी जमतं. आपल्याकडे राजस्थानात चंदेरियाला अशी भट्टी १९९१ मध्ये सुरू झाली.

पण या भट्ट्यांना कोक (दगडी कोळसा भाजून केलेलं इंधन) खूप लागतो, एकेक करत त्या कमी होत गेल्या, ब्रिटनमधल्या एव्हनमथची २००३ ला बंद झाली. गिऱ्हाईक आटलं तसं हे मिश्र कॉन्सन्ट्रेट विजेवाल्या स्मेल्टरांकडे वळलं, तिथे स्वच्छ कॉन्सन्ट्रेटमध्ये ते थोडं थोडं मिसळून चालवतात, आणि शिसं-चांदी असलेला उरलेला गाळ पुढे शिशाच्या भट्टीकडे पाठवता येतो.