डोम की पाण्याला भिडणारी लेन्स: एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

पाण्याखाली फोटो काढायला हाऊसिंग, म्हणजे कॅमेऱ्याची जलरोधक पेटी, घेताना सगळी खलबतं कॅमेऱ्यावर होतात आणि पोर्टचा, म्हणजे लेन्सपुढच्या काचेचा, विषय खिसा रिकामा होत आल्यावर निघतो. मॅक्रोपुरतं, म्हणजे बारीक जीव जवळून टिपण्यापुरतं, त्याने फारसं बिघडत नाही. ६० किंवा १०५ मिमीची लेन्स, पुढे फ्लॅट पोर्ट, म्हणजे सपाट काच, विषय संपला. सपाट काचेतून पाण्यातली वस्तू एक-तृतीयांशाने मोठी दिसते आणि ते मॅक्रोवाल्याच्या पथ्यावरच पडतं. भांडण आहे ते वाइडचं, म्हणजे रुंद कोनाच्या फोटोंचं: नेहमीच्या लेन्सपुढे अर्धगोल डोम लावायचा की पाण्यासाठीच आखलेली लेन्स घ्यायची? आणि ते आजचं नाही.

सुरुवातीच्या मंडळींना हा प्रश्नच पडला नव्हता. १८५६ साली इंग्लंडमधल्या वेमथजवळ एका वकिलाने पेटीत बसवलेला कॅमेरा समुद्रात सोडला. पेटीत पाणी शिरलं, तरी प्लेटवर काहीतरी उमटलं आणि त्यातच सगळ्यांना धन्यता वाटली. १८९३ मध्ये फ्रान्सच्या भूमध्य किनाऱ्यावर एका जीवशास्त्रज्ञाने स्वतः पाण्यात उतरून फोटो काढले. त्यालाही काळजी होती ती गळतीची आणि उजेडाची. कोपरे तीक्ष्ण येतात की नाही, हे पाहायला कोणाला फुरसत नव्हती.

सपाट काच कोन खाते, ही तक्रार ऐरणीवर आली ती १९५० च्या दशकात, सिनेमावाल्यांमुळे. जमिनीवर ७५ अंश टिपणारी २८ मिमीची लेन्स सपाट काचेमागे पाण्यात जेमतेम ५४ अंशांवर येते. शिवाय कडांना रंगांच्या झालरी दिसतात. यावर फ्रान्समध्येच एक तोडगा निघाला. कॅमेऱ्यापुढे दोन भिंगांची अशी जोडी बसवायची की पाण्यामुळे आकसलेला कोन पुन्हा मूळ मापावर येईल. म्हणजे पाणी हाच प्रकाशमार्गाचा एक घटक मानून भिंगं आखायची. आज पाण्याला भिडणाऱ्या लेन्स म्हणून जे विकलं जातं, त्याचं मूळ इथे आहे.

मग निकोनॉस हा हाऊसिंगशिवाय पाण्यात चालणारा कॅमेरा आला. आराखडा एका बेल्जियन अभियंत्याचा, पहिलं उत्पादन फ्रान्समध्ये, आणि १९६३ पासून कॅमेरा जपानी कंपनीच्या नावाने बाजारात. त्यावरची ३५ मिमीची लेन्स जमिनीवर आणि पाण्यात दोन्हीकडे चालायची, पण पाण्यात सुमारे ४६ अंशच दाखवायची. खरी मजा १५ मिमीच्या लेन्सची. ती फक्त पाण्यासाठीच आखलेली होती. बोटीवर तिच्यातून फोटो काढला तर धूसर, पाण्यात उतरलं की ९४ अंशांचं दृश्य कोपऱ्यापर्यंत लखलखीत. अडचण एकच. कॅमेऱ्यात लेन्समधून बघायची सोय नव्हती. वर वेगळा व्ह्यूफाइंडर लावायचा आणि अंतर अंदाजाने ठरवायचं.

एसएलआरसाठी, म्हणजे लेन्समधूनच बघता येणाऱ्या कॅमेऱ्यांसाठी, हाऊसिंग बनवणारे तेवढ्यात दुसऱ्या वाटेने निघाले होते. जमिनीवरची नेहमीची लेन्स घ्यायची आणि तिच्यापुढे अर्धगोल डोम बसवायचा. लेन्सचं प्रवेशछिद्र (समोरून पाहिल्यावर आत दिसणारं छिद्र) डोमच्या वक्रता केंद्रावर आलं की कोन शाबूत राहतो. आजही डोम पुढे सरकवणाऱ्या एक्स्टेन्शन रिंगा मिलिमीटर मोजून घ्याव्या लागतात, त्या त्यासाठीच. पण डोम फुकट काही देत नाही. डोममागची लेन्स दूरचं दृश्य पाहत नाही, ती डोमसमोर तयार झालेली आभासी प्रतिमा पाहते. अनंतावरच्या वस्तूचीही ही प्रतिमा डोमच्या पृष्ठापासून त्रिज्येच्या तिप्पट अंतरावर असते. २३० मिमी व्यासाचा अर्धगोल असेल तर सुमारे ३४५ मिमी, १०० मिमीचा असेल तर अवघे १५० मिमी. एवढ्या जवळ फोकस न होणाऱ्या लेन्सला पुढे क्लोज-अप भिंग लावावं लागायचं. त्यात ती प्रतिमा सपाट नसते, वाटीसारखी वाकलेली असते. मध्यावरचा डायव्हर नीट येतो आणि कडेला गेलेले त्याचेच फिन ताणल्यासारखे, साय धरल्यासारखे दिसतात. उपाय म्हणजे मोठा डोम आणि एफ/११ च्या पुढचं, म्हणजे आणखी बारीक, छिद्र. म्हणजे बॅगेत जास्त वजन आणि स्ट्रोबवर, म्हणजे पाण्यातल्या फ्लॅशवर, जास्त ताण.

वादाचा खरा मुद्दा येतो तो १९९२ नंतर. त्या वर्षी निकोनॉस आरएस आला. हा एसएलआर होता, ऑटोफोकस होता, १०० मीटरपर्यंत चालणारा होता आणि त्याच्या लेन्स पाण्यासाठी आखलेल्या होत्या. डोमची सगळी रडकथा त्याने एका फटक्यात मोडीत काढली. १९९६ मध्ये तो बंद झाला आणि २००१ मध्ये निकोनॉस हे घराणंच संपलं.

त्या निर्णयाच्या बाजूने नेहमी सांगितलं जातं ते खोटं नाही. आरएस अतोनात महाग होता, फिल्मचे दिवस भरत आले होते, आणि ज्या लेन्सवर लग्नं काढायची तीच हाऊसिंगमध्ये घालता आली तर गिऱ्हाईक दुसरी कशाला घेईल? हिशेब म्हणून बरोबर. पण किंमत कोणी मोजली? पुढची दीडेक दशकं मोठ्या कॅमेऱ्यांसाठी पाण्यात वाइड म्हणजे डोम, हेच समीकरण होऊन बसलं आणि मऊ कोपरे नशिबाचा भाग मानले गेले. कॉम्पॅक्टवाल्यांकडे पाण्यातच लावता-काढता येणाऱ्या ओल्या लेन्स होत्या. मोठ्या कॅमेऱ्याची मंडळी त्यांना खेळणं समजत. आणि त्याच काळात काही खटपटे लोक बंद पडलेल्या आरएसची १३ मिमीची फिशआय, म्हणजे अतिरुंद कोनाची लेन्स, फेरफार करून डिजिटल हाऊसिंगला बसवून घेत होते. बंद केलेली वस्तू निकामी असती तर हा उपद्व्याप कोणी केला नसता.

डीएसएलआरच्या, म्हणजे डिजिटल एसएलआरच्या, पहिल्या दशकात डोमवाल्यांना तारलं फिशआयने. फिशआय मुळातच सरळ रेषा वाकवते, त्यामुळे डोमची वक्र प्रतिमा तिला जाचत नाही. शिवाय ती अगदी जवळ फोकस होते. १०-१७ मिमीची एक स्वस्त झूम फिशआय क्रॉप, म्हणजे लहान आकाराच्या, सेन्सरवर १०० मिमीच्या डोममागे इतकी रुळली की कित्येकांनी दुसरी वाइड घेतलीच नाही. मालवणसारख्या गढूळ पाण्यात तर ही जोडी अजूनही हुकमी आहे. विषयाला जवळपास चिकटून फोटो काढला की मधलं गढूळपण कमी दिसतं.

पाण्याला भिडणाऱ्या लेन्स परतल्या त्या २०१५ नंतर, आणि त्याही कॅमेरा कंपनीकडून नव्हे तर हाऊसिंगवाल्यांकडून. आधी फ्लॅट पोर्टवर चढवायची ओली वाइड आली. पाण्यात उतरल्यावर ती किंचित सैल करून मधले बुडबुडे काढावे लागतात, नाहीतर प्रत्येक फ्रेममध्ये ते नाचतात. मग २०१७ च्या सुमारास अख्खा पोर्टच भिंगांचा बनवलेली मोठी आवृत्ती निघाली. २८-७० मिमीच्या साध्या झूमपुढे तो बसवला की १३० पासून साधारण ६० अंशांपर्यंतचा पल्ला मिळतो. डोममागे एफ/१३-१६ पर्यंत जावं लागायचं, तिथे एफ/८ वर भागतं. गंमत म्हणजे यासाठी शोधाशोध सुरू झाली ती फिल्मच्या जमान्यातल्या, कोणी ढुंकून न पाहिलेल्या २८-७० ची. कॅमेऱ्यासोबत येणारी किट लेन्स म्हणून हिणवलेल्या काचेला असे दिवस येतील, हे विकून मोकळ्या झालेल्यांना स्वप्नातही वाटलं नसेल.

किंमत मात्र डोळे पांढरे करणारी आहे आणि वजनही भरपूर. अर्धं पाण्यावर, अर्धं पाण्याखाली असा फोटो या लेन्समधून नीट जमत नाही, कारण हवेसाठी त्या आखलेल्याच नाहीत. त्याला डोमच हवा, आणि तोही मोठा, म्हणजे काचेवरची पाण्याची रेघ बारीक येते. १८० अंशांची फिशआयही डोममागेच राहते. तेव्हा नवा पोर्ट आला म्हणून जुना २३० मिमीचा डोम विकायची घाई करू नये. तो ॲक्रिलिकचा असेल आणि वर ओरखडे असतील, तर ते घासून पॉलिश करता येतात.