लॅपॅक लायब्ररीची जोडणी

लॅपॅक हा एकसामयिक रेषीय समीकरणे, आयगेन मूल्ये वगैरे गणिते सोडवणाऱ्या फॉरट्रान सबरूटीनचा (प्रोग्रॅममधून हाक मारायच्या तयार तुकड्यांचा) मुक्त संग्रह आहे. लिनपॅक आणि आइसपॅक या जुन्या संग्रहांची जागा घ्यायला तो १९९२ मध्ये आला. मॅट्रिक्सच्या गुणाकारासारखी मूळ कामे तो ब्लास या दुसऱ्या लायब्ररीवर सोपवतो. त्यामुळे एकटा लॅपॅक बसवून भागत नाही, आणि वेगही बराचसा ब्लास कोणता यावरच ठरतो. नेटलिब या संकेतस्थळावरचा मूळ ब्लास संथ आहे. रोजच्या कामाला ओपनब्लास ही त्याची वेगवान आवृत्ती घ्यावी.

डेबियन किंवा उबुंटूवर 'लिबलॅपॅक३' हे पॅकेज तयार प्रोग्रॅम चालवण्यापुरतेच असते. नवा प्रोग्रॅम बांधायचा तर 'लिबलॅपॅक-डेव्ह' आणि 'लिबओपनब्लास-डेव्ह' लागतात. ती नसली, की लायब्ररीची फाइल डिस्कवर दिसत असूनही लिंकर (प्रोग्रॅमला लायब्ररी जोडणारे साधन) 'सापडत नाही' म्हणतो, कारण तो आवृत्तीचा आकडा नसलेले नाव शोधतो आणि ते नाव डेव्ह पॅकेजमधूनच येते.

कमांडमध्ये आधी आपली फाइल, मग लॅपॅक, शेवटी ब्लास हा क्रम पाळावा. स्थिर लायब्ररी (जिचा कोड प्रोग्रॅममध्येच भरला जातो) जोडताना लिंकर डावीकडून उजवीकडे जातो आणि तोवर अडलेली नावेच उचलतो. लायब्ररी आधी लिहिली तर 'अनडिफाइन्ड रेफरन्स', म्हणजे नाव सापडले नाही, हा संदेश ठरलेला. सी भाषेतून हाक मारताना हाच संदेश दुसऱ्या कारणानेही येतो. जीफॉरट्रान हा फॉरट्रानचा कंपायलर सबरूटीनच्या नावामागे अधोरेषा लावतो, ती सीमध्ये आपण लिहावी लागते. शिवाय प्रत्येक आर्ग्युमेंट पॉइंटरने द्यावे लागते, साधा १ सुद्धा.

खरा धोका मात्र संदेश न देणाऱ्या चुकीचा. फॉरट्रान मॅट्रिक्स स्तंभाने साठवते, सी ओळीने. २क + ख = ४ आणि ५क + ३ख = ११ यांचे उत्तर १ आणि २. सीमधून ओळीने भरलेली हीच मॅट्रिक्स 'डीजीईएसव्ही' या समीकरणे सोडवणाऱ्या लॅपॅकच्या सबरूटीनला दिली, तर उत्तर −४३ आणि १८ येते, आणि चूक सांगणारा आकडा 'इन्फो' मात्र ०, म्हणजे सगळे आलबेल! म्हणून चाचणीला सममित मॅट्रिक्स घेऊ नये. तिच्यात ओळ-स्तंभांची अदलाबदल लपून जाते. 'इन्फो' ऋण आला तर त्या क्रमांकाचे आर्ग्युमेंट चुकले, धन आला तर मॅट्रिक्स सिंग्युलर, म्हणजे जिचा निर्धारक शून्य आहे अशी. मूळ मॅट्रिक्स पुढे हवी असेल तर आधी प्रत काढावी, कारण 'डीजीईएसव्ही' तिच्याच जागी तिचे एल आणि यू हे त्रिकोणी अवयव लिहिते.

लायब्ररी होम फोल्डरमध्ये बांधली असेल तर प्रोग्रॅम बिनतक्रार बांधला जातो, पण चालवताना 'शेअर्ड ऑब्जेक्ट फाइल उघडत नाही' म्हणून थांबतो. लिंकरला दिलेला मार्ग प्रोग्रॅम चालवणाऱ्या लोडरला आपोआप कळत नाही. तो 'आरपाथ' या लिंकरच्या पर्यायाने प्रोग्रॅममध्येच कोरून ठेवावा. दर वेळी लायब्ररीचा मार्ग सांगणारा पर्यावरण चल (एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल) भरत बसण्यापेक्षा ते बरे.