पेटंट ‘पब्लिश’ झालंय की ‘ग्रँट’? बॅनर छापायच्या आधी एवढं बघा

शुक्रवार आला की आमच्या स्टाफ ग्रुपवर हमखास कोणाचं तरी अभिनंदन असतं, कारण पेटंट ऑफिसचं जर्नल शुक्रवारी निघतं. ‘सरांना पेटंट मिळालं’, खाली पन्नास टाळ्या, सोमवारी गेटवर फ्लेक्स. मी इंजिनिअरिंग कॉलेजात वार्षिक अहवालाचं काम बघतो, त्यामुळे हे सगळं शेवटी माझ्याच टेबलावर येतं आणि मला दरवेळी तोच वाईटपणा घ्यावा लागतो, सर, हे मिळालेलं नाहीये, पब्लिश झालंय.

फरक काय? पब्लिश म्हणजे तुमचा अर्ज आता लोकांना बघायला उघडा झाला, बस. अर्ज केला की तो एरवी १८ महिने झाकलेला राहतो आणि मग जर्नलमध्ये येतो. एवढं थांबायचं नसेल तर फॉर्म ९ भरायचा, एकट्या माणसाला किंवा शिक्षणसंस्थेला फी अडीच हजार रुपये, की साधारण महिनाभरात नाव जर्नलमध्ये. या सगळ्यात तुमचं संशोधन नवीन आहे का, चालतं का, आधी कोणी केलंय का हे कोणीही तपासलेलं नसतं. म्हणजे लग्नपत्रिका छापली, लग्न अजून व्हायचंय, आणि मुलीकडच्यांनी होकार दिलाय का तेही माहीत नाही!

ग्रँटचा, म्हणजे पेटंट खरंच मंजूर होण्याचा रस्ता वेगळा आणि लांबचा. त्यासाठी आधी तपासणी मागावी लागते, तो फॉर्म १८. आधी त्याला ४८ महिन्यांची मुदत होती, १५ मार्च २०२४ पासूनच्या नव्या अर्जांना ३१ महिने झाली. मुदतीत मागितलीच नाही तर अर्ज मागे घेतला असं धरतात, आणि गंमत म्हणजे फ्लेक्सवर झळकलेले कितीतरी अर्ज तिथेच गपचूप मरतात कारण पब्लिकेशनचा फोटो मिळाला की पुढच्या फीचे पैसे भरायला कोणाला उत्साह नसतो. तपासणी मागितली की एक्झामिनरचा रिपोर्ट येतो, आमच्याकडे सगळे त्याला एफईआर (फर्स्ट एक्झामिनेशन रिपोर्ट) म्हणतात, त्यात तो जगभरातली जुनी पेटंटं आणि पेपर काढून तुमच्यासमोर ठेवतो की हे तर यांनी आधीच केलंय, यात तुमचं काय? सहा महिन्यांत उत्तर द्यायचं. कॉम्प्युटरवाल्यांना पेटंट कायद्याचा सेक्शन ३(के) आडवा येतो, नुसता प्रोग्रॅम किंवा अल्गोरिदम असेल तर पेटंट नाही. मग अर्जातले दावे (क्लेम्स, म्हणजे नेमका कशावर हक्क मागताय ते) छाटा, पुन्हा लिहा, सुनावणी लागली तर तिथे बाजू मांडा. एवढं करून मंजूर झालं तर अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं हक्क, तोही दरवर्षीची फी भरत राहिलात तर.

आणि ग्रँट म्हणजेही दगडावरची रेघ नाही बरं का. हळदीचं प्रकरण आठवा, जखमेवर हळद लावण्याचं अमेरिकन पेटंट १९९५ साली रीतसर मंजूर झालं होतं, माशेलकर सर प्रमुख असताना सीएसआयआर ही सरकारी संशोधन संस्था त्याच्याविरुद्ध लढली आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. मंजूर झालेलं जाऊ शकतं, मग नुसतं छापून आलेल्याचं काय घेऊन बसलात.

तरी पब्लिश होणं अगदीच फुकट आहे असंही नाही. उद्या ग्रँट झालं तर पब्लिकेशनच्या तारखेपासूनचे हक्क धरता येतात, फक्त मधल्या काळात कोणावर दावा ठोकता येत नाही. शिवाय एनआयआरएफच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या कॉलेज क्रमवारीच्या, इंजिनिअरिंग रँकिंगमध्ये पब्लिश झालेल्यालाही मार्क आहेत, ग्रँटला १० आणि पब्लिशला ५, असं वजन ठेवलंय. कॉलेजं जर्नलच्या मागे का लागतात ते इथे कळतं. माझी तक्रार मार्कांबद्दल नाही, शब्दाबद्दल आहे. ‘मिळालं’ लिहू नका, ‘अर्ज प्रसिद्ध झाला’ लिहा.

ओळखायचं कसं? सोपंय. सरांनी पाठवलेल्या पीडीएफवर बारा आकडी अर्ज क्रमांक आणि शेवटी इंग्रजी ‘ए’ असेल, जवळच ‘पब्लिकेशन डेट’ असेल, तर ते जर्नलचं पान आहे. क्रमांकही वाचता येतो, २०२२२१ ने सुरू होत असेल तर पहिले चार आकडे वर्ष, पाचवा २ म्हणजे मुंबई ऑफिस, सहावा १ म्हणजे साधा अर्ज. ग्रँटला सर्टिफिकेट येतं आणि त्यावर पेटंट क्रमांक वेगळा असतो. शंका आली तर पेटंट ऑफिसच्या साईटवर नंबर टाका, स्टेटस फुकट दिसतं, मी तर आता विचारतच नाही, आधी तिथे बघतो.

परदेशी पेटंटांना तर हातच जोडतो. ‘यूके पेटंट’ म्हणून येतं ते बहुतेक वेळा डिझाईन रजिस्ट्रेशन असतं, म्हणजे वस्तू दिसते कशी त्याची नोंद, चालते कशी त्याचा संबंध नाही, आणि नोंद करताना ते नवीन आहे का हे तिथे तपासत नाहीत. आधी ऑस्ट्रेलियाचं इनोव्हेशन पेटंट जोरात होतं, तेही खोल तपासणीशिवाय मिळायचं. ऑगस्ट २०२१ मध्ये त्यांनी नवे अर्ज घेणं बंद केलं आणि आमच्याकडचा ऑस्ट्रेलियाचा ओढा एकदम आटला!

यात मार कोण खातं सांगू? आमच्याकडच्या एका मॅडमचा अर्ज पब्लिश झाला तेव्हा गेटवर फ्लेक्स लागला, पेढे वाटले. नंतर चार वर्षं त्या एफईआरला उत्तरं देत बसल्या, लॅब असिस्टंटला घेऊन पुन्हा पुन्हा रीडिंग काढली, एक सुनावणी झाली, आणि शेवटी खरंखुरं सर्टिफिकेट आलं. त्यांनी ते ग्रुपवर टाकलं. दोन टाळ्या आल्या, आणि ऑफिसमधून रिप्लाय, ‘मॅडम, याचं अभिनंदन मागेच झालंय ना?’